मासोळीला 'बायको' म्हणताना

तुम्हीही ते रील पाहिलं असेल. एकच नाही, त्या जातीची शेकडो आहेत. काचेच्या टाकीत नारळाची अर्धी करवंटी उपडी ठेवलेली. तिच्या तोंडाशी बोटाच्या दोन पेरांएवढी पिवळीधमक मासोळी. समोरून तिच्या जवळपास दुप्पट लांबीचा, निळसर झाक असलेला, लांब परांचा नर डौलात येतो. मासोळी त्याच्यावर झेपावते, नर सैरावैरा पळतो. मागे जुनं सिनेमाचं गाणं आणि वर ठळक अक्षरांत, 'बायकोने घराबाहेर काढलं'. खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कुणीतरी आपल्या मित्राला टॅग करतं, कुणीतरी पोटगीचा विनोद करतं.

या रीलकडे मला एखाद्या कथेकडे बघावं तसं बघायचं आहे. कारण ती कथाच आहे. तिला निवेदक आहे, पात्रं आहेत, संघर्ष आहे आणि अर्ध्या मिनिटात शेवट आहे. आणि निवेदन खोटं असेल तर गोष्ट कितीही गोड असली तरी समीक्षकाने तसं म्हणायला पाहिजे.

त्या टाकीत नेमकं काय चाललेलं असतं ते आधी बघू. हा मासा बहुधा अपिस्टोग्रामा असतो, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा बटू सिक्लिड. सिक्लिड हे माशांचं एक अवाढव्य कुळ आहे, त्यातले हे बुटके. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात उथळ पाण्याखाली पालापाचोळ्याचे थर साचतात, तिथे यांची वस्ती. मादी एखाद्या पानाखाली किंवा खोबणीत छताला अंडी चिकटवते. अंडी घातली की तिचा रंग पालटतो. अंग पिवळं होतं, त्यावर काळे डाग उठतात. मग त्या खोबणीभोवतीचा टीचभर परिसर तिचा. नराचा इलाखा मोठा असतो आणि त्या इलाख्यात अशा दोन-तीन किंवा जास्त माद्यांची घरटी असू शकतात. तो बाहेरची हद्द राखतो, आतली राखण प्रत्येक मादी आपापली करते. अंड्यांजवळ कुणीही आलेलं तिला चालत नाही, त्यात तोही आला.

म्हणजे त्याला कुणी घराबाहेर काढलेलं नाही. तो बाहेरचाच आहे. ती करवंटी कधीच 'त्यांचं घर' नव्हती.

विनोदावर एवढा कीस कशाला, असं वाटेल. पण या विनोदात एक गोष्ट चौकटीबाहेर राहते. ती टाकी दीड फुटाची असते. नदीत मादीने हुसकावलं की नर दोन हात लांब जातो आणि विषय संपतो. टाकीत तो कोपऱ्यात जातो, काच लागते, मादी पुन्हा धावून येते. दिवसातून पन्नास वेळा. पर फाटतात, खाणं सुटतं, आणि काही दिवसांनी तो तळाशी आडवा दिसतो. दुकानदार म्हणतो, 'जोडी जमली नाही, दुसरा नर न्या.' जोडी जमली होती, म्हणून तर अंडी पडली. जमलं नाही ते लांबी-रुंदीचं गणित. पण ज्याने ही घटना 'नवरा-बायकोचं भांडण' म्हणून पाहिली, त्याला टाकीचं माप दिसतच नाही. भांडण म्हटलं की दोष स्वभावाचा होतो, जागेचा राहत नाही. रूपक चुकलं की मासा मरतो, हे इथे शब्दशः खरं आहे.

या तऱ्हेच्या गोष्टी सांगण्याचा मान रीलवाल्यांचा नाही, त्यांच्या आधी मोठमोठ्यांनी त्या सांगितल्यात. कोनराड लोरेन्झचं 'किंग सॉलोमन्स रिंग' हे पुस्तक जर्मनमध्ये १९४९ साली आलं, इंग्रजीत १९५२ साली. प्राण्यांच्या वागण्यावर सामान्य वाचकासाठी लिहिलेलं इतकं लाघवी पुस्तक क्वचितच सापडेल. त्यात माशांवर एक प्रकरण आहे आणि त्यात आफ्रिकेतला ज्वेल फिश हा सिक्लिड आहे. हा बटू नव्हे, पण त्याच कुळातला. लोरेन्झ त्यांच्या जोडीबद्दल लग्न, नवरा, बायको, बाळांना झोपवणं अशीच भाषा बिनदिक्कत वापरतो. मग रीलवाल्याला झोडपायचं आणि लोरेन्झला नावाजायचं, हा न्याय कुठला?

फरक एका प्रसंगात आहे, तो मी माझ्या शब्दांत सांगते. संध्याकाळ झाली आहे. मादी बहुतेक पिल्लांना घेऊन खड्ड्यात बसली आहे. नर भटकी पिल्लं तोंडात घेऊन परत आणून टाकतो आहे. लोरेन्झ टाकीत गांडुळाचे तुकडे टाकतो. नर एक तुकडा तोंडात घेऊन चघळू लागतो आणि तेवढ्यात त्याला एक हरवलेलं पिल्लू दिसतं. तो धावत जाऊन तेही तोंडात घेतो. आता तोंडात दोन गोष्टी आहेत. एक गिळायची, एक सांभाळून न्यायची. मासा जागीच थिजतो. काही क्षण काहीच होत नाही. मग तो दोन्ही तळाशी थुंकतो, पिल्लावर नजर ठेवून गांडूळ सावकाश खातो, आणि मग पिल्लू उचलून घरी नेतो. बघणारे विद्यार्थी टाळ्या वाजवतात.

हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल कोण जाणे. तो आवडतो कारण त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे ते काही क्षण, ज्यात काहीच घडत नाही. लोरेन्झने नवरा-बायकोची भाषा तोवर मनसोक्त वापरली आहे, पण त्या क्षणी ती भाषा तो बाजूला ठेवतो आणि नुसतं बघतो. तोंड भरलेलं, गालफडं थांबलेली. बापाचं काळीज, कर्तव्य असलं काही तिथे घुसडत नाही. मासा विचार करतो आहे असं त्याला वाटतं आणि ते तो आपलं वाटणं म्हणून सांगतो. रीलमध्ये नेमका हा थांबाच नसतो. थांबलेला मासा म्हणजे कापून टाकायचा भाग.

तरी लोरेन्झला पूर्ण मोकळं सोडता येत नाही. १९७३ साली त्याला कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्याबरोबर नोबेल मिळालं, पण त्याआधी १९३८ साली तो नाझी पक्षात गेला होता. पाळीव झालेले प्राणी जसे 'बिघडतात' तशी सुधारलेली माणसंही बिघडतात, असं त्याने त्या काळात लिहिलं होतं. हे माहीत झाल्यावर त्याची निष्ठावान जोडपी वाचताना मी जरा सावध होते. प्राण्यांत आदर्श कुटुंब शोधणाऱ्याला उद्या प्राण्यांत आदर्श वंशही सापडतो. 'निसर्गातच असं असतं' हे वाक्य कोण, कुणाला, कशासाठी ऐकवतंय हे बघावं लागतं. आपल्याकडे तर ते वाक्य लग्नाच्या बैठकीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत कुठेही ऐकू येतं.

निसर्गाकडून संसाराचे धडे घ्यायचेच असतील तर पश्चिम आफ्रिकेतल्या एका बटू सिक्लिडची हकीकत ऐका. शास्त्रीय नाव पेल्व्हिकाक्रोमिस टीनिआटस, दुकानात मिळणाऱ्या क्रिबेन्सिसचा सख्खा भाऊबंद. यांच्यात मादीही नटते. पोटावर जांभळी झळाळी चढते, अंग धनुष्यासारखं वाकवून ती ते पोट नराला दाखवते आणि नर निवड करतो. पाठ्यपुस्तकातलं 'नर मादीला आकर्षित करण्यासाठी' हे ठोकळेबाज वाक्य इथे उताणं पडतं, कारण निवड दोन्ही बाजूंनी आहे. यापुढचं जास्त अवघड आहे. थ्युंकेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की हे मासे परक्यापेक्षा आपल्या सख्ख्या भावंडाला जोडीदार म्हणून पसंत करतात, आणि अशी जोडपी पिल्लांची राखण जास्त एकोप्याने करतात. आता यावर कोणतं गाणं लावणार? आदर्श जोडी म्हणून रील करून बघा.

आपल्या भाषेचाही यात हात आहे. मराठीत 'मासा' म्हटलं की तो, 'मासोळी' म्हटलं की ती. नर-मादी ठरण्याआधीच व्याकरणाने ठरवून टाकलेलं. मोठा आणि ताकदीचा दिसला की मासा, लहान आणि नाजूक दिसली की मासोळी. मीही वर पहिल्याच परिच्छेदात करवंटीशी मासोळी बसवली आणि समोरून नर आणला. पण 'पिल्लू' मात्र नपुंसकलिंगी, आणि इथे मराठी अचानक शास्त्राच्या बाजूने उभी राहते. रोमर आणि बायझेनहर्त्स यांनी १९९६ साली अपिस्टोग्रामाच्या तीसहून अधिक जातींचा अभ्यास छापला. पिल्लं सुरुवातीला किती तापमानाच्या पाण्यात वाढली यावर त्यांच्यातल्या नर-माद्यांचं प्रमाण बदलतं, पाणी जास्त गरम असेल तर नर जास्त. म्हणजे अंड्यातून निघालेल्या त्या ठिपक्याला 'तो' किंवा 'ती' म्हणणं घाईचं आहे. 'ते' हेच बरोबर. (मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, कूलर नसलेल्या खोलीत टाकीचं पाणी अंगाला कोमट लागतं. अशा वेळी पिल्लं काढणाऱ्याने माद्यांची फार आशा धरू नये.)

बरं, हे सगळं परदेशी माशांचं झालं. सिक्लिड भारतातही आहेत, मोजके तीन. गोव्यात आणि कोकणपट्टीत कळुंदर म्हणून ताटात येतो तो एक, कर्नाटकातला कानरेन्सिस दुसरा. तिसरा ऑरेंज क्रोमाइड, दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या गोड्या आणि मचूळ पाण्यातला. जेमतेम आठ सेंटिमीटरचा, केशरी, अंगावर काळा ठिपका. बटू म्हणावा असा आपला मासा हाच. जॅक वॉर्ड आणि जॉर्ज बार्लो यांनी १९६७ साली याच्या पिल्लांच्या एका सवयीवर सविस्तर लिहिलं. पिल्लं पोहत येऊन आईबापांच्या अंगाला चाटून जातात, चिमटा घ्यावा तशी. ती त्यांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. नुसता आईच्या नव्हे, दोघांच्याही अंगावरचा. डिस्कस नावाच्या दुसऱ्या एका सिक्लिडमध्ये हेच आणखी ठळक दिसतं. सुरुवातीचे सुमारे दोन आठवडे आईबाप पिल्लांना अंगावर चरू देतात, मग हळूहळू त्यांच्यापासून लांब पोहू लागतात. आपल्या भाषेत दूध तोडणं, पण बापही तोडतो.

यावर 'आईची माया' असं लिहिलेलं मी वाचलं आहे. बाप कुठे गेला? शेजारी पोहत होता, पिल्लं त्याच्याही अंगाला लागलेली होती, पण मथळ्यात त्याला जागा नव्हती. मासोळीला बायको म्हणताना हे होतं. एकदा आई-बायको-नवरा असे साचे घेतले की जे साच्यात बसत नाही ते कापलं जातं, आणि नेमकं तेच नवं असतं. याच क्रोमाइडची आणखी एक गोष्ट. तो मोठ्या कळुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, म्हणजे त्याची साफसफाई करतो. आणि त्याच कळुंदराची अंडी आणि पिल्लंही खातो. मित्र की शत्रू? सिनेमातला नोकर असता तर मध्यंतरानंतर उलगडा झाला असता. इथे उलगडायला काही नाही.

कॅमेऱ्याची आणखी एक मर्यादा सांगते. मराठी बाजारात चिलापी म्हणून मिळणारा तिलापियाही सिक्लिडच, मोझांबिकचा, भारतात १९५२ साली आणलेला. नर वाळूत खड्डे करतात, रंग काळा होतो, मादी अंडी तोंडात घेऊन उबवते. हे सगळं दिसतं म्हणून त्याचे व्हिडिओ होतात. पण या नरांची दादागिरी बऱ्याच अंशी मुतण्यावर चालते, असं पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २००७ च्या सुमारास दाखवलं. वरचढ नर लघवी साठवून ठेवतो आणि समोर प्रतिस्पर्धी आला की थोडी थोडी सोडतो. तिच्या वासावरून समोरच्याला त्याची पायरी कळते. म्हणजे ज्याला आपण रंगांचा खेळ म्हणून टिपतो, त्यातला अर्धा संवाद आपल्या पडद्यावर येऊच शकत नाही. त्यावर भावगीत लावणाऱ्याला मी काय सांगू?

मी हे उमरेडमधून लिहिते आहे आणि इथे हा विषय माशांवर थांबत नाही. आमचं उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली झालं आणि पुढच्याच वर्षी नागझिऱ्याहून एक वाघ चालत आला. नाव जय. 'शोले'तलं. त्याच्या भावाचं नाव वीरू. नाव ठेवल्याबरोबर पटकथा तयार झाली. राजा, त्याचं साम्राज्य, त्याच्या राण्या. एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही, तेव्हा लोकांनी शोक केला तोही नायकाचा. रस्ते, शेतं, विजेच्या तारा यांच्यातून वाघ कसा जगतो हा प्रश्न त्या शोकात मागच्या बाकावर बसला. मग ३१ डिसेंबर २०२४ ला गोठणगावच्या रस्त्यावर एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या दोन रांगांमध्ये अडकले. व्हिडिओ सगळीकडे फिरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या जिप्सींमधली माणसं क्रूर होती असं मला वाटत नाही. 'आई आणि तिची पाच लेकरं' हा सीन त्यांना हवा होता. वाघिणीला जायला वाट हवी होती. दीड फुटाची टाकी फक्त काचेची असते असं नाही.

मग काय, प्राण्यांबद्दल कोरड्या प्रयोगवहीच्या भाषेत बोलायचं? तेही मला पटत नाही. 'प्राण्यांना भावना नसतात' हेही एक गृहीतकच आहे. फ्रान्स द वाल या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने माणूस आणि प्राणी यांच्यातलं साम्य नाकारण्याच्या या हट्टाला वेगळं नावही दिलं होतं. आणि पुरावा सिक्लिडच देतात. फ्रान्समधल्या दिजाँ इथल्या संशोधकांनी २०१९ साली कॉन्व्हिक्ट सिक्लिडच्या माद्यांवर एक प्रयोग छापला. माद्यांना शिकवलं की एका रंगाच्या झाकणाखाली खाऊ असतो आणि दुसऱ्या रंगाच्या झाकणाखाली नसतो. मग समोर ठेवली करड्या झाकणाची डबी, ना धड ही ना धड ती. पसंतीच्या नराबरोबर असलेल्या माद्या ती डबी उघडायला जात. ज्यांना नापसंत नराबरोबर ठेवलं त्या रेंगाळत, जणू आत काही नसणारच. बातम्यांचे मथळे अर्थातच 'मासोळीचा प्रेमभंग' असे झाले. पण मूळ प्रयोगाची ताकद त्या करड्या झाकणात आहे. दुःख आहे असं न म्हणता, दुःख असेल तर ते कुठे दिसेल, याची जागा त्यांनी शोधली. कादंबरीकारही दुसरं काय करतो? पात्र रडलं असं लिहिण्यापेक्षा त्याने डबा उघडला नाही असं लिहितो.

मराठीत असं लिहिण्याची परंपरा आहे, पण ती बहुतेक जंगलात आणि पक्ष्यांत रमली. मारुती चितमपल्ली नागझिरा-नवेगावबांधच्या परिसरात वनाधिकारी होते आणि जून २०२५ मध्ये ते गेले तेव्हा सगळीकडे 'अरण्यऋषी' हाच शब्द आला. मला ते ऋषी म्हणून कमी आणि शब्द गोळा करणारा माणूस म्हणून जास्त मोठे वाटतात. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'शब्दांचं धन' आहे. जंगलातल्या माणसांनी प्राण्या-पाखरांना दिलेली नावं त्यांनी नीट ऐकली आणि लिहून ठेवली. कधी कधी त्यांचं गद्य फार भाविक होतं, तिथे माझं बोट पान उलटतं. पण नावाच्या बाबतीत ते चुकार नाहीत. ज्याला पाहिलं त्याला त्याच्याच गावचं नाव.

माशांच्या बाबतीत हे धन ढीवरांकडे आहे. पूर्व विदर्भात बोड्या आणि माजी मालगुजारी तलाव, आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो ते, गावोगाव आहेत. त्यातल्या देशी माशांसाठी आणि पाणवनस्पतींसाठी भंडारा-गोंदिया भागात मनीष राजनकर यांच्यासारखी माणसं ढीवरांच्या बरोबरीने काम करत आली आहेत. कुठल्या गवताखाली कुठला मासा अंडी घालतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांचा आवाज मला एकाही रीलवर ऐकू आलेला नाही. मासे पाळणाऱ्या शहरी मुलाला कोलंबियातल्या रॅम माशाच्या पाण्याचा पीएच पाठ असतो आणि गावच्या तलावातली मरळ पिल्लं कशी राखते हे माहीत नसतं.

मरळ सिक्लिड नव्हे, पण राखणीत कमी नाही. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसतो, एकत्र वर येतो, एकत्र खाली जातो, पाणी उकळल्यासारखं दिसतं. त्याच्या खाली मोठी मरळ असते. नर की मादी हे वरून कळत नाही. त्या घोळक्यात काहीही पडलं की ती खालून येऊन धडक मारते, भूक असो वा नसो. मासे धरणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, म्हणून त्या वेळी गळ टाकला तर मासा जवळजवळ हमखास लागतो. राखणारी गेली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. काही जण गळ टाकतात. काही जण घोळका पुढे सरकेपर्यंत काठावर बसून राहतात.